बुगिस शेतकऱ्याचे गाव

(प्रस्तुत पाठात इंडोनेशियातील बुगिस शेतकऱ्यांच्या गावाची ओळख करून दिली आहे. तेथील माणसे आपले घर, शेत आणि जीव कसा सांभाळतात, ते या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, आशिया खंडाचा नकाशा उघडा. बोर्निओ या मोठ्या बेटाच्या पूर्वेस एक विचित्र आकाराचे बेट दिसेल. कोणी चार लांब हात समुद्रात पसरून पडले आहे, असे ते दिसते. या बेटाचे नाव सुलावेसी. त्याचा एक हात दक्षिणेकडे गेला आहे. त्या हातावर बुगिस लोकांची वस्ती आहे. २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या साठ लाखांहून अधिक होती.

बुगिस म्हटले की लोकांना जहाजे आठवतात. हे लोक उत्तम खलाशी व व्यापारी म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु बहुतेक बुगिस कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. जो समुद्रावर गेला त्याच्या गोष्टी झाल्या. जो चिखलात उभा राहून भात लावत राहिला त्याच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. आपण या दुसऱ्या माणसाच्या गावी जाणार आहोत.

तेथे जाण्यापूर्वी तीन शब्द शिकून घेऊ. इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेत जीवाला 'जिवा' म्हणतात, मालमत्तेला 'हर्ता' म्हणतात आणि सुरक्षित असण्याला 'अमान' म्हणतात. 'जिवा' म्हणजे आपला जीव. 'हर्ता' हा संस्कृत 'अर्थ' या शब्दापासून आला. 'अमान' तर तुम्ही घरी रोज ऐकता. मालकी हक्काला ते 'हक मिलिक' म्हणतात. उर्दूतील 'मिल्कियत' त्याच मुळाचा शब्द आहे. गावाला 'देसा' म्हणतात. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलाला त्या गावात अगदीच परके वाटणार नाही. बुगिस भाषेची स्वतःची जुनी लिपीही आहे. तिला 'लोंतारा' म्हणतात. आपली देवनागरी जशी ब्राह्मी लिपीपासून निघाली, तशीच लोंताराही तिच्याच वंशातली आहे.

मकासर हे दक्षिण सुलावेसीचे मोठे शहर. तेथून उत्तरेस सुमारे १८० किलोमीटर गेले की सिद्रप जिल्हा लागतो. डोळे पोहोचतील तेथवर भाताची खाचरे पसरलेली असतात. टेकड्यांवर २०१८ साली उभारलेल्या तीस पवनचक्क्या फिरताना दिसतात. पाटाचे पाणी आहे तेथे वर्षातून दोनदा भात पिकतो. जेथे पाट नाही, तेथे शेतकरी आभाळाकडे पाहतो. या भागाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मधल्या डोंगरांमुळे पश्चिम किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च या काळात भरपूर पाऊस पडतो, तर पूर्व किनाऱ्यावर तो एप्रिल ते जुलैमध्ये पडतो. त्यामुळे एका बाजूची कापणी संपली की मजुरांच्या टोळ्या दुसऱ्या बाजूच्या कापणीला जात.

आता गावात शिरू. घरे बहुधा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रांगेत असतात. प्रत्येक घर लाकडी खांबांवर उभे असते. शिडी चढून वर जावे लागते. घराचे तीन भाग असतात. सर्वांत वर छपराखाली माळा. तेथे भात साठवतात. वडिलोपार्जित मौल्यवान वस्तूही तेथेच ठेवण्याची रीत होती. मधल्या भागात माणसे राहतात. खालची मोकळी जागा नांगर, कोंबड्या, हातमाग आणि रात्री गुरे यांच्यासाठी असते. जुन्या समजुतीनुसार वरचे, मधले आणि खालचे अशी तीन जगे आहेत आणि घर हे त्यांचे छोटे रूप आहे. समजूत बाजूला ठेवली तरी या रचनेत शहाणपण आहे. पूर आला तर पाणी खालून वाहून जाते. भात उंचावर कोरडा राहतो. गाई झोपणाऱ्याच्या थेट खाली असतात. फळ्यांच्या फटींतून गुरांचा आवाज वर येतो, आणि रात्री कोणी दावे सोडू लागला तर घरधन्याला जाग येते. ग्रामीण दक्षिण सुलावेसीत गुरांची चोरी ही जुनी डोकेदुखी आहे. कुलपापेक्षा कान बरे, असा तेथील हिशेब.

घराच्या खांबांपैकी एकाला 'घराची बेंबी' म्हणतात. घर बांधताना त्याला मोठा मान असतो. नव्या घरात राहायला जाताना केळीचे घड टांगतात, शेजाऱ्यांना जेवण देतात आणि बर्जंजी वाचतात. बर्जंजी म्हणजे पैगंबरसाहेबांच्या जन्माचे वर्णन करणारा अरबी ग्रंथ. मौलूदच्या मजलिसीत बसलेल्या मुलाला ते दृश्य सहज डोळ्यांसमोर आणता येईल. बुगिस राज्यांनी १६०५ ते १६११ या काळात इस्लाम स्वीकारला. सुमात्रा बेटावरून आलेल्या तीन आलिमांचे नाव तेथे आजही आदराने घेतात.

मराठीत आपण मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन प्रकार शिकतो. स्थावर म्हणजे न हलणारी आणि जंगम म्हणजे हलवता येणारी. घर कोणत्या प्रकारात येते, असे विचारले तर तुम्ही लगेच 'स्थावर' म्हणाल. बुगिस गावात हे उत्तर चुकेल. तेथील लाकडी घर खांबांसकट उचलता येते. जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचे असू शकते. घर विकले तर घेणारा ते उचलून किंवा सुटे करून आपल्या जागेवर नेतो. घर हलवायचे ठरले की शुक्रवारच्या नमाजनंतर किंवा अशाच सोयीच्या वेळी गावातील पुरुष जमतात. घराखाली आडवे बांबू बांधतात. एक जण वर उभा राहून इशारा देतो आणि खाली पन्नास-शंभर माणसे एकदम खांदा देतात. घर चालू लागते! बायका तोवर सर्वांसाठी खायला करून ठेवतात. या कामाची मजुरी कोणी मागत नाही. मात्र जो माणूस दुसऱ्याच्या घराला कधी खांदा देत नाही, त्याने आपले घर कोणाच्या बळावर हलवावे?

शेताची गोष्ट वेगळी आहे. शेत हलत नाही, आणि म्हणून त्याची भांडणेही हलत नाहीत. बांध एक वीत सरकला, पाटाचे पाणी रात्री कोणी आपल्याकडे वळवले, की दोन घरांमध्ये वैर सुरू होते. अशा वेळी गावाला आठवण होते ती नेने मल्लोमो यांची.

नेने मल्लोमो हे सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिद्रपच्या भागात सिदेनरेंग राज्यात होऊन गेलेले न्यायाधीश. 'नेने' म्हणजे आजोबा. त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. एकदा राज्यात दुष्काळ पडला. पिके वारंवार बुडू लागली. राज्यात कोणीतरी अन्याय केला असला पाहिजे आणि त्याला शिक्षा झाली नसली पाहिजे, असे लोक म्हणू लागले. चौकशी झाली. शेवटी कळले की एकाने औत दुरुस्त करण्यासाठी दुसऱ्याचे लाकूड न विचारता घेतले होते. तो नेने मल्लोमो यांचाच मुलगा होता. वडिलांनी त्याला मृत्यूची शिक्षा सुनावली. लोक म्हणाले, "एका लाकडाच्या तुकड्याची किंमत माणसाच्या जिवाएवढी आहे का?" त्यांनी उत्तर दिले, "न्यायाला मूल नसते आणि नातवंडही नसते."

ही दंतकथा आहे. ती जशी घडली म्हणून सांगतात तशीच घडली, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. आणि लाकडाच्या तुकड्यासाठी जीव घेणे आपल्याला आज मुळीच न्याय्य वाटणार नाही. शरीयतही अशी शिक्षा सांगत नाही. तरी शेतकऱ्यांनी ही कथा चारशे वर्षे जपून ठेवली, यामागे कारण आहे. गरीब माणसाजवळ चोरण्यासारखे फार काही नसते. एक औत, एक बैल, थोडे लाकूड. तेवढेही मोठ्या घरचा मुलगा न विचारता उचलून नेऊ लागला, तर गरिबाने कोणाकडे पाहावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती कथा सांगितली जाते.

बुगिस लोकांच्या जुन्या कायद्याचे पाच भाग होते. 'आदे' म्हणजे रिवाज. 'बिचारा' म्हणजे न्यायनिवाडा. यात आपला 'विचार' हा शब्द लपलेला आहे. 'रापांग' म्हणजे पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले. 'वारी' म्हणजे दर्जा आणि नाती यांची व्यवस्था. इस्लाम आल्यावर पाचवा भाग जोडला गेला, 'सारा', म्हणजे शरीयत. जुने चार भाग टाकून न देता त्यांच्या शेजारी पाचवा ठेवला, हे लक्षात घ्या.

वारसाच्या बाबतीत हे शेजार चांगले दिसते. मुलगा काठीच्या दोन टोकांना दोन ओझी घेऊन चालतो आणि मुलगी डोक्यावर एकच ओझे घेते, असे बुगिस म्हणतात. मुलाला दोन वाटे व मुलीला एक, असा त्याचा अर्थ. परंतु कित्येक कुटुंबांत आईबाप आपल्या हयातीतच जमीन वाटून देतात आणि मुलामुलींना सारखे देतात. राहते घर बहुधा धाकट्या मुलीला मिळते, कारण म्हातारपणी आईबापांजवळ तीच राहिलेली असते. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जाणे हेही तेथे सर्रास आढळते. मेहेरला ते 'सोंपा' म्हणतात, आणि त्यात अनेकदा भाताचे खाचर दिले जाते. ते खाचर बायकोचे. नवरा त्यात नांगर धरतो, पण ते विकू शकत नाही.

याशिवाय लग्नाच्या खर्चासाठी वराकडून वधूच्या घरी वेगळी रक्कम जाते. ही रक्कम वाढत वाढत इतकी झाली आहे की ती उभी करताना शेतकऱ्याचे कंबरडे मोडते. मग तो काय करतो? शेत गहाण ठेवतो. तेथील गहाणाची रीत अशी की पैसे फिटेपर्यंत सावकारच शेत कसतो आणि पीकही तोच घेतो. मालक आपल्याच शेतात मजूर होतो. १९६० साली इंडोनेशियाने कायदा करून सांगितले की सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण राहिलेली शेतजमीन पैसे न घेता मालकाला परत करावी. सात वर्षे पीक खाल्ले म्हणजे कर्ज वसूल झाले, असा त्यामागील हिशेब. कायदा चांगला आहे. पण सावकार हा बहुधा नातेवाईकच असतो, आणि नातेवाईकाला कोर्टात कसे खेचावे? बटाईचेही तसेच. बटाईचा करार लेखी असावा, असेही १९६० चाच दुसरा एक कायदा सांगतो. गावात मात्र तोंडच्या शब्दावरच शेत दिले जाते. बियाणे कोणाचे, खत कोणाचे, यावरून पिकाचे वाटे ठरतात.

तोंडच्या शब्दावर इतका भरवसा कसा? त्याचे उत्तर 'सिरी' या शब्दात आहे. सिरी म्हणजे लाज आणि सिरी म्हणजे स्वाभिमानही. उर्दूतील आबरू आणि मराठीतील अब्रू हा तिला सर्वांत जवळचा शब्द. ज्याची सिरी गेली तो चालतेबोलते प्रेत, असे बुगिस मानतात. दिलेला शब्द मोडला तर सिरी जाते. म्हणून कागदावाचून शेते दिली जातात, पिके वाटली जातात.

पण याच सिरीने माणसे मारलीही आहेत. पूर्वी पुरुष कमरेला खंजीर लावत. भर लोकांत अपमान झाला, मुलगी पळून गेली, बांधावर शिवी ऐकू आली, की खंजीर बाहेर येई. मारणाऱ्याला वाटे, आपण अब्रू राखली. त्याच्या मागे दोन घरे उघडी पडत. एकाचा कर्ता मातीत आणि दुसऱ्याचा तुरुंगात. अब्रूसाठी जीव घेणे हे शौर्य आहे, असे कोणी सांगितले तर ते मानू नका. बुगिसांच्या शहाण्या लोकांनीही सिरी एकटी ठेवली नाही. तिच्या जोडीला त्यांनी 'पेस्से' ठेवले. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या पोटात तुटते, ते पेस्से. ज्याच्याजवळ सिरी आहे पण पेस्से नाही, अशा माणसाची गावालाही धास्ती वाटते.

गावाची रीत कितीही पक्की असली तरी बाहेरून संकट आले की ती अपुरी पडते. डिसेंबर १९४६ ते फेब्रुवारी १९४७ या काळात कॅप्टन वेस्टरलिंग याच्या डच तुकड्यांनी दक्षिण सुलावेसीतील गावांमध्ये लोकांना मैदानात गोळा करून चौकशीवाचून गोळ्या घातल्या. हजारो लोक मारले गेले. या कृत्यांबद्दल डच सरकारने २०१३ साली माफी मागितली. देश स्वतंत्र झाल्यावरही शांतता आली नाही. कहार मुझक्कर याच्या नेतृत्वाखाली १९५० च्या सुमारास बंड सुरू झाले आणि १९६५ च्या फेब्रुवारीत तो मारला जाईपर्यंत चालले. ती पंधरा वर्षे शेतकऱ्यासाठी फार वाईट गेली. बंडखोरांना भात दिले तर सैन्य रागावे, न दिले तर बंडखोर. दोघांच्या मधे सापडलेली गावे जळाली. असंख्य कुटुंबे शेते टाकून शहरांकडे किंवा दूर सुमात्रा बेटाच्या दलदलीकडे निघून गेली. तेथे चर खणून त्यांनी पुन्हा भात आणि नारळ लावले. जंगम घराचा अर्थ अशा वेळी अधिक समजतो.

आता गावात दिवस शांत असतात. रात्री आळीपाळीने पहारा देण्याची पद्धत इंडोनेशियाच्या गावागावांत आहे. रस्त्याच्या कडेला एक छोटी चौकी असते. तरुण तेथे बसून कॉफी पितात, गप्पा मारतात आणि अधूनमधून बॅटरी घेऊन चक्कर मारून येतात. चोरापेक्षा रानडुकरांचा त्रास पुष्कळ ठिकाणी अधिक आहे. मुसलमान शेतकरी डुकराचे मांस खात नाहीत; त्यामुळे डुकरे वाढतात आणि मक्याची, भाताची नासाडी करतात. मग गावकरी कुत्री घेऊन त्यांच्या मागे लागतात. डोंगराकडच्या वाटांवर अजगराचेही भय असते. २०२४ च्या जूनमध्ये सिद्रप जिल्ह्यात एका स्त्रीला अजगराने गिळल्याची भयंकर घटना घडली होती.

पेरणीच्या आधी सिद्रपमध्ये एक सभा भरते. तिला 'तुदांग सिपुलुंग', म्हणजे 'एकत्र बसणे' असे म्हणतात. शेतकरी, पाटबंधारे खात्याचे अधिकारी आणि जुनी पंचांगे वाचणारे जाणकार एका चटईवर बसतात. पाऊस केव्हा येईल, पाणी कोणत्या गावाला आधी सोडायचे, रोपे कोणत्या आठवड्यात टाकायची, हे सर्वांनी मिळून ठरवतात. सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली तर उंदीर आणि किडी यांना वर्षभर खायला मिळत नाही. एकाने घाई केली तर त्याचे कोवळे भात उंदरांना आयते सापडते आणि तेथून ते शेजाऱ्याच्या शेतात जातात. मला स्वतःला ही सभा त्या गावाची खरी तटबंदी वाटते. रात्रीचा पहारा दोन गाई वाचवील. ही सभा सबंध शिवाराचे पीक वाचवते.

कापणी मात्र बदलली आहे. पूर्वी बायका बोटांत लहान पाते धरून एकेक लोंबी कापत. पुढे विळा आला. गेल्या काही वर्षांत कापणी-मळणीचे मोठे यंत्र आले आहे. ते काही तासांत शेत मोकळे करते. शेतमालकाला ते सोयीचे आहे. पण कापणाऱ्या बाईला मजुरी म्हणून भाताचा वाटा मिळत असे, तो गेला. ज्या घरी स्वतःचे शेत नव्हते, त्या घरचा भात याच वाट्यातून येत असे.

मालकीच्या कागदांचेही बदलत आहे. पूर्वी शेतसारा भरल्याचा जुना कागद हाच मालकीचा पुरावा मानत. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे मोजून मालकीपत्रे देण्याची मोठी मोहीम चालवली, आणि २०२१ च्या नियमांनी जुने कागदवाले शेत पाच वर्षांत नोंदवून घेण्यास सांगितले. मोजणीदार आला की त्याला शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. बांध कोठे आहे, हे अखेर शेजारीच सांगतो. आणि मालकीपत्रावर नाव कोणाचे घालायचे, हाही प्रश्न उभा राहतो. सोंपामध्ये मिळालेले खाचर बायकोचे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. कार्यालयातील कारकुनाला ते ठाऊक नसते; तो कुटुंबप्रमुखाचे नाव विचारतो. त्या वेळी जी बाई पुढे होऊन "हे शेत माझे आहे" असे सांगते, तिचेच नाव कागदावर येते.

बहुतेक भात आता शेतातूनच पोत्यांत भरून व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. माळ्यावर घरापुरता भात असतो. त्याच्याजवळ पेटीत मालकीपत्र, थोडे सोने आणि हजसाठी नाव नोंदवल्याची पावती ठेवलेली असते. दक्षिण सुलावेसीत हजला जाऊ इच्छिणारे इतके आहेत की नंबर लागायला कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. शेतकरी दर कापणीला थोडे पैसे बाजूला टाकतो आणि पावती पुन्हा घडी घालून पेटीत ठेवतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'हर्ता' हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?
(आ) सिद्रपमध्ये पेरणीच्या आधी भरणाऱ्या सभेला काय म्हणतात?

२. बुगिस घर जंगम मालमत्ता का म्हणता येते?

३. "न्यायाला मूल नसते आणि नातवंडही नसते." हे वाक्य कोण, कोणाला, केव्हा म्हणाले? त्यांचा निवाडा तुम्हांला पटतो का? का?

४. सर्वांनी एकाच वेळी लावणी केल्याने कोणता फायदा होतो?

५. सिरी आणि पेस्से यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

६. या पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.